सकाळी टांकसाळ, दुपारी खाण

ती. स्व. अप्पाकाका यांस,


बोलिव्हियातल्या पोतोसीहून लिहिते आहे. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांच्या वरचं हे शहर. इथे साधा जिना चढतानाही मध्ये थांबावं लागतं. गल्लीच्या टोकाला सतत सेरो रिको दिसतो, तांबूस आणि बोडका. १५४५ साली या डोंगरात चांदी सापडली, म्हणून तर शहर वसलं.

सकाळी टांकसाळ पाहिली. तुमचा जीव इथे रमला असता. आजची इमारत १७७३ साली पुरी झाली. वरच्या मजल्यावर चांदीचा पत्रा काढणारी प्रचंड लाकडी यंत्रं आहेत. ती फिरवायला खालच्या मजल्यावर खेचरं घाण्याला जुंपल्यासारखी दिवसभर गोल चालत. त्याआधीची नाणी हातोड्याने ठोकलेली, वेडीवाकडी. त्यांवर टांकसाळीचं ‘पी’ आणि कस तपासणाऱ्याचं अक्षर. १६४०च्या दशकात इथल्या अधिकाऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी चांदीत भेसळ केली, युरोपात नाणी नाकारली गेली, दोषींना मृत्युदंड झाला. १६५२पासून नाण्यांवर दोन खांब आणि समुद्राच्या लाटा आल्या, त्या या बदनामीनंतरच.

एका चित्रापुढून मला हलवेना. मेरीच्या अंगावर वस्त्र नाही, डोंगरच आहे: वर तिचा चेहरा, दोन्ही बाजूंना हात, उतारावर वाटा आणि माणसं, पायथ्याशी पोप आणि राजा. अठराव्या शतकातलं हे चित्र कोणी काढलं, याची नोंद नाही. पृथ्वीला पाचामामा म्हणून पुजणाऱ्या लोकांनी त्यात कोणाला पाहिलं असेल, हे सांगायला गाइडबाईंची गरज नव्हती.

दुपारचा गाइड पूर्वी खाणीतच काम करायचा. आधी त्याने बाजारात नेलं. खाणकामगारांसाठी कोकाची पानं आणि सरबताच्या बाटल्या घ्यायच्या, हा इथला रिवाज. डायनामाइटही तिथेच उघड्यावर विकतात. मग हेल्मेट, दिवा आणि वाकून चालणं. आत धूळ इतकी की घशाला चव लागते. चांदी आता थोडी. जस्त, शिसं, कथील यांवर सहकारी संस्थांतले कामगार जगतात, आणि फुप्फुसांत साचणाऱ्या धुळीने त्यांतले अनेक अकाली जातात. एका कोनाड्यात शिंगं असलेला ‘तिओ’ बसलेला, जमिनीखालचा धनी. त्याच्या तोंडात सिगारेट, पायांशी पानं आणि दारू. बाहेर चर्च, आत तिओ, दोघांनाही मान.

या खाणींसाठी स्पेनच्या व्हाइसरॉय तोलेदोने १५७०च्या दशकात वेठीची पद्धत बसवली: ठरलेल्या प्रांतांतून दर वर्षी सातांतला एक पुरुष इथे हजर व्हायचा. बायकामुलं आणि लामा घेऊन माणसं आठवडेच्या आठवडे चालत येत. या डोंगराने ऐंशी लाख माणसं खाल्ली, असं इथे सर्रास सांगतात. बरेच इतिहासकार हा आकडा मानत नाहीत, आणि मलाही तो नको. सातांतला एक, दर वर्षी, अडीचशे वर्षं. एवढं पुरे आहे.

काका, ही चांदी आपल्याकडेही आली. युरोपच्या मालाला हिंदुस्थानात फारसं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून कापड आणि मिरी घ्यायला व्यापारी चांदी आणत. सुरतेचे सराफ तिचं वजन आणि कस पाहत, मग ती वितळवून मोगलांचे रुपये पडत. १६६४ आणि १६७० साली शिवाजी महाराजांनी सुरतेहून जी चांदी आणली, तिच्यातही या डोंगराचा काही भाग असणार, असं मला वाटतं. आपण त्या खजिन्याचा हिशेब मांडताना तो वेठीचा माणूस कुठेच धरत नाही. तो धरायला हवा.

तुम्ही विचारलं होतंत, खाणीत जावं का. दुसऱ्याचे कष्ट तिकीट काढून बघणं मला आतून बोचलं. तरीही जावं असंच म्हणेन, कारण नुसती टांकसाळ पाहून परतणाऱ्याला फक्त चकाकी दिसते. डोंगराचा माथा खचू लागला आहे. २०१४पासून युनेस्कोने पोतोसीला धोक्यातल्या वारशात घातलं आहे. तुमच्या दम्याला मात्र खाण झेपणार नाही. तुम्ही टांकसाळ निवांत बघा, काकूंना माझ्यासारखंच एखाद्या जुन्या खाणकामगाराबरोबर आत पाठवा. आणि आधी सुक्रेला राहून या. ते बरंच खाली आहे, उंची हळूहळू अंगवळणी पडते.

काकूंना नमस्कार.

तुमची,
वृंदा