हौद्याखालचे ठोकळे

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटींत आम्हीं एक पत्र लिहिलें. त्याची लाज अद्याप गेलेली नाहीं. तें कोणास व कां लिहिलें, हें कळण्यासाठीं आधीं आमच्या आजोबांच्या मोटारीची हकीकत सांगितली पाहिजे.

ही मोटार म्हणजे १९४८ सालची शेव्हरोले पिकअप; पुढें बसण्याची जागा व मागें मालाचा उघडा हौदा. जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईस शिवडी येथें १९२८ सालीं मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. त्या काळीं मालमोटारीची बहुधा चासी तेवढी विकत मिळे. तिजवर हौदा बांधण्याचें काम आपले सुतार-लोहार करीत. आमचा हौदाही साताऱ्याच्या एका सुतारानें सागवानी फळ्यांचा बांधला होता. त्यांतून कित्येक वर्षें आमच्याकडची हळद कऱ्हाड-इस्लामपूरच्या वाटेनें सांगलीच्या पेठेंत गेली. पुढें गाडी पडून राहिली व फळ्या कुजल्या. तरी पावसाळ्यांत ताडपत्री उचलली कीं हळदीचा वास येई.

अण्णांनीं, म्हणजे आमच्या वडिलांनीं, गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याचें मनावर घेतलें. अमेरिकेंत या जातीच्या गाड्यांचे शौकीन इतके आहेत कीं, हौद्याचे सर्व भाग जुन्या मापाबरहुकूम नवे घडवून विकले जातात. तसा संच आम्हीं मागविला. त्याची रचना पाहून मन प्रसन्न झालें. फळ्यांच्या कडांना खांच असते. दोन फळ्यांमध्यें थोडी फट ठेवून वरून लोखंडी पट्टी बसवावयाची, व बोल्ट फळीतून न नेतां त्या फटींतून खालच्या आडव्या दांड्यांत उतरवावयाचा. लांकूड पावसांत फुगलें तरी त्यास जागा मिळते, आणि या बोल्टांसाठीं फळीस भोंक पाडावें लागत नाहीं. बोल्टाच्या माथ्याखालचा चौकोन पट्टीच्या चौकोनी भोंकांत बसल्यानें नट आवळतांना बोल्ट फिरत नाहीं.

साताऱ्यास घरीं जुना हौदा आम्हींच उतरविला. फळ्या व त्यांखालचे चार लांकडी ठोकळे आईच्या स्नानाच्या बंबासाठीं रचून ठेवले. ठोकळ्यांची जाडी सारखी नव्हती. ते झिजले असावेत, असें आम्हीं ठरविलें. संचांत चार नवे ठोकळे होतेच, आणि ते अगदीं एकसारखे होते.

गाडी सांगलीस एका वृद्ध मेस्त्रींकडे नेली. ते म्हणाले, “सगळे भाग आधीं सैल जोडा. फाळका उघडून-मिटून पाहिल्याशिवाय एकही नट आवळूं नका.” नंतर ते दोन दिवस मिरजेस गेले. आमच्यानें धीर धरवला नाहीं. तळाची लांबी ७८ इंच व रुंदी ५० इंच. पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणें कर्ण सुमारें ९२.६ इंच यावयास हवा. दोन्ही कर्ण मोजले, ते बरोबर आले. मग काय? सारे नट आवळून टाकले.

फाळका मिटेना. उजवी कडी लागे, डावी अंगठाभर दूर राही. कर्ण जुळले असतां दोष आमचा कसा असेल? आम्हीं कानस घेऊन नव्याकोऱ्या फाळक्याचा कान घासला. तरीही कडी लागेना, तेव्हां त्याच रात्रीं त्या परदेशी कारखानदारांस पत्र धाडलें : तुमचीं मापें खोटीं आहेत, व तुम्हीं आम्हांस फसविलें आहे.

मेस्त्री परत आले. घासलेला कान त्यांनीं पाहिला, पण बोलले नाहींत. सर्व नट सैल करून त्यांनीं पाण्यानें भरलेली नळी चासीवर आडवी धरली. पुढें दोन्ही बाजू सम होत्या. मागें मात्र डावी बाजू अर्धा इंच खालीं होती. वर्षानुवर्षें हळदीच्या पोत्यांखालीं ती दबली होती. सिद्धांत खरा होता. परंतु तो सपाट तळासाठीं, आणि आमची चासी पिळवटलेली होती. आवळलेल्या नटांनीं तोच पीळ नव्या हौद्यास दिला होता.

“जुने ठोकळे कोठें आहेत?” मेस्त्रींनीं विचारलें. आम्हांस उत्तर देववेना.

दुसऱ्या दिवशीं अण्णा व आम्ही साताऱ्यास आलों. तीन ठोकळे जळून गेले होते. चौथा बंबाच्या एका पायाखालीं होता. न्हाणीघराच्या फरशीस उतार असल्यानें आईनें सर्वांत जाड म्हणून तो निवडून टेकूस लावला होता. त्यावर पटाशीनें दोन अक्षरें कोरलेलीं होतीं : डा. मा. डावा, मागचा. नव्या ठोकळ्याशेजारीं धरला, तों बरोबर अर्धा इंच जास्त भरला.

“तो नेऊं नका, बंब डगमगेल,” आई म्हणाली.

ठोकळा सांगलीस गेला व आपल्या जुन्या जागीं बसला. घासलेल्या कानावर मेस्त्रींनीं धातू भरून तो पुन्हा आकारास आणला; रंगाखालीं तो डाग आम्हांस अजून दिसतो. कारखानदारांस दुसरें पत्र लिहिलें. पहिलें अर्ध्या तासांत झालें होतें, यास तीन दिवस लागले.

राहिलेला नवा ठोकळा अण्णांनीं आईस दिला. तो अर्धा इंच कमी पडतो, म्हणून तिनें त्याखालीं पुठ्ठ्याची घडी घातली आहे.