साखळी गाडीतच होती

थोडं लांब लिहितोय, पण उन्हाळ्यात पाण्यासाठी ज्यांच्या घरातून कळशी बाहेर पडते त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

धाराशिवात माझं मोटार-पंप आणि हापशाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मागं गोडाऊन, आणि दुरुस्तीला फिरायला एक छोटा हत्ती. ग्रामपंचायतींची हापसा दुरुस्तीची कामंही आम्ही घेतो. आज कुणावर बोट दाखवायचं नाही. चूक माझीच आहे, तीच सांगतो.

एका एप्रिलमधली गोष्ट. शनिवारी संध्याकाळी एका सरपंचांचा फोन आला. वस्तीवरचा हापसा बंद. दांडा नुसताच खालीवर होतोय, पाणी येईना. त्या वस्तीवर नळ आहे, पण लाईट असली आणि टाकी भरली तर. नाहीतर सगळी भिस्त हापशावर.

साखळी तुटली असणार, हे ऐकूनच कळलं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर बघितलं: साखळी, २ नग शिल्लक. म्हटलं, काम झालं. रात्री दोन तास गोडाऊन उलथंपालथं केलं. बेअरिंग सापडलं, कप वायसर सापडले, तीन वर्षांपूर्वी हरवलेला पाईप पानासुद्धा सापडला. साखळी काही सापडली नाही.

रविवारी सकाळी तरीही वस्तीवर गेलो. वरचं झाकण खोललं, तर साखळीच तुटलेली. सोलापूरचं ओळखीचं दुकान रविवारी बंद. सोमवारी पोराला सोलापूरला पाठवलं, दुपारी साखळी बसवली, पाणी आलं. शनिवार ते सोमवार बायाबापड्या उन्हातून लांबच्या विहिरीवर जात होत्या.

काम संपवून पाने आत ठेवायला गाडीचा मागचा बाक उचलला, तर खाली पिवळी पिशवी. पिशवीत दोन साखळ्या. जानेवारीत कुठल्यातरी कामाला नेल्या होत्या, लागल्या नाहीत, तशाच राहिल्या.

तिथं एक आजी कळशी भरत होत्या. त्यांनी बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "काल बी ही गाडी हितंच हुबी हुती की. मंग साखळी बी हितंच हुती म्हना."

मी काय बोलणार? हापशापासून दहा पावलांवर साखळी होती, आणि आम्ही ती आणायला सोलापूरला गेलो.

कॉम्प्युटर खोटं बोलला नव्हता. दोन होत्या, दोनच सांगितल्या. किती आहेत हे त्याला माहीत होतं, कुठं आहेत हे आम्ही त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

आता या हापशाची थोडी गोष्ट. आपल्याकडं जो हापसा दिसतो तो बहुतेक 'इंडिया मार्क टू'. त्याचं मूळ आपल्या शेजारचंच, सोलापूर पंप. त्याआधीचे ओतीव लोखंडाचे हापसे एका घराला पुरतील असे होते. अख्खं गाव हापसायला लागलं की मोडायचे. सोलापूरच्या पंपाला पोलादी बांधणी, एकाच कण्यावर फिरणारा दांडा, बेअरिंग आणि साखळी. त्याच्यावरूनच सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीनं मार्क टू तयार झाला आणि देशभर गेला. पण पंप कितीही मजबूत केला तरी कधीतरी बिघडणारच. म्हणून तामिळनाडूत तीन पायऱ्यांची व्यवस्था बसवली: गावात हापशाची काळजी घेणारा माणूस, तालुक्याच्या पातळीवर मिस्त्री, आणि जिल्ह्याचं फिरतं पथक, गाडी आणि सुट्या भागांसकट. म्हणजे गाडीतला माल हा त्या व्यवस्थेचा भागच होता, किरकोळ गोष्ट नव्हती.

त्या सोमवारनंतर आम्ही एकच केलं. प्रत्येक वस्तूला पत्ता दिला.

पत्ता म्हणजे काय, हे पिनकोडवरून सांगतो. १५ ऑगस्ट १९७२ ला देशात पिनकोड सुरू झाला. ती पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी माणूस. धाराशिवचा पिन ४१३५०१. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल छाननीचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. पत्र वाटणाऱ्याला अख्खा देश पाठ असायची गरज राहिली नाही.

गोडाऊनमध्ये तेच केलं. 'अ-०३-२-४' म्हणजे अ ओळ, तिसरा रॅक, खालून दुसरा कप्पा, चौथा डबा. आकडे खालून वर मोजले, म्हणजे उद्या वर एक कप्पा वाढवला तर जुने पत्ते बदलत नाहीत. जड पाईप आणि सिलिंडर खाली, रोज लागणारे वायसर दाराजवळ. एका डब्यात एकच वस्तू. खराब माल आणि गिऱ्हाइकाकडून परत आलेला माल, दोन्हींना वेगळे कप्पे, नाहीतर तुटकी साखळीसुद्धा शिलकीत मोजली जाते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: गाडीलाही गोडाऊन मानलं. 'गाडी-डावी-२-१' हासुद्धा एक पत्ता. सॉफ्टवेअरमध्ये हे अवघड नाही. टॅलीतही गोडाऊन उघडता येतात, एका गोडाऊनच्या पोटात दुसरं टाकता येतं. माल गोडाऊनमधून गाडीत गेला की विक्री नाही, फक्त जागा बदलली, अशी नोंद. ती नोंद गाडीचं दार लावायच्या आधी, मोबाईलवर. गाडीत काय आणि किती असायलाच पाहिजे याची यादी ठरलेली. आठवड्यात जे लागलं ते सोमवारी पुन्हा भरायचं. दर शनिवारी दहा डबे मोजायचे. मार्चमध्ये एकदाच सगळं मोजण्यापेक्षा हे सोपं, आणि चूक आठवड्यात सापडते.

लगेच जमलं असं नाही. आमच्याकडचे जुने मिस्त्री काका म्हणाले, "मला सगळं पाठ हाय, कशाला लिहीत बसता?" खरंच पाठ होतं. पण काका आठवडाभर आजारी पडले आणि दुकान अर्धं आंधळं झालं. बरं, गाडीत कुठला कप्पा कुठं पाहिजे हे शेवटी काकांनीच सांगितलं. कुठली वस्तू कितव्या हाताला लागते हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पहिले दोन महिने नोंदी चुकल्या. गोडाऊनच्या मागच्या भिंतीला रेंज नाही, तिथं वही ठेवावी लागली. नोंद केली नाही तर महागडं सॉफ्टवेअरही त्या पिवळ्या पिशवीसारखंच. आत काय आहे कुणाला कळत नाही.

हे सगळं इथं का लिहितोय? माझं दुकान लहान आहे. पण हापशाचे भाग, पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्ह, दवाखान्यातली औषधं, पुरानंतर वाटायची किट, हे सगळं सार्वजनिक पैशानं कुठंतरी ठेवलेलं असतं. 'माल शिल्लक आहे' हे उत्तर आपण ऐकतो आणि गप्प बसतो. आणि ज्या माणसाला जागा पाठ असते त्याची बदली झाली की त्याच्याबरोबर गोडाऊनचा नकाशाही जातो.

१ मे ला ग्रामसभा असते. तिथं एवढंच विचारा:

१. गावातले किती हापसे बंद आहेत, आणि कधीपासून?
२. त्यांना लागणारा भाग शिल्लक आहे का? असेल तर नेमका कुठं, गोडाऊनमध्ये की दुरुस्तीच्या गाडीत?
३. तो शेवटचा कधी मोजला?

भांडायची गरज नाही. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही तर पहिल्या दोन उत्तरांवर किती भरवसा ठेवायचा ते तुमचं तुम्हाला कळेल.

आमच्या गाडीत आज डावीकडं, दुसऱ्या कप्प्यात, पहिल्या डब्यात दोन साखळ्या आहेत. हे लिहायच्या आधी उठून बघून आलोय.

तुमच्या गावातला कुठला हापसा बंद आहे आणि किती दिवसांपासून, ते खाली लिहा. आणि पोस्ट आपल्या सरपंचांपर्यंत, ग्रामसेवकांपर्यंत जाऊ द्या.