मावशी, ब्राउझर बदल ना वं!

मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की माणसं दुपारी दारं लावून पडतात. आमचा जुना कॉम्प्युटर मात्र पंखा घरघरवत जागा, आणि तुरीचे भाव उघडायला चहा उकळेल एवढा वेळ घेणार. अमरावतीचा भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, ब्राउझर बदल ना वं! काऊन तेच घेऊन बसली?"

ब्राउझर म्हणजे इंटरनेटच ना, असं मी विचारलं. पलीकडून बराच वेळ नुसतं हसू.

मग ऑपेरा, ब्रेव्ह, नवा एज, जे नाव तो सांगेल ते उतरवायला घेतलं. प्रत्येकाचं उत्तर एकच: विंडोज ७ वर चालणार नाही. दुकानं वेगळी आणि नकार सारखा, हे काय गौडबंगाल? तेव्हा भाच्यानं खरी गोष्ट सांगितली. वेबपान वाचून पडद्यावर मांडणारं इंजीन या सगळ्यांत एकच आहे, ब्लिंक. गूगलनं ते २०१३ मध्ये वेबकिटपासून वेगळं काढलं, आणि २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा एजही त्याच पायावर आला. क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. तिथं क्रोम थांबला, तसे बाकीचेही थांबले. एवढी नावं ठेवायची हौस कशाला, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे.

वेगळं इंजीन म्हणजे फायरफॉक्सचं गेको. त्याची ११५ वी आवृत्ती जुन्या विंडोजवरही चालते, म्हणून ती घेतली. फायरफॉक्स मराठीतही मिळतो. मी हौसेनं मराठीच घेतला, आणि भाचा फोनवर इंग्रजीतून सांगेल ते एकही बटण मला सापडेना. "तू स्क्रीनचा फोटोच धाड वं," असं म्हणून त्यानं डोक्याला हात लावला असावा.

खुणा करून ठेवलेली पानं नव्या घरी आपोआप आली. पासवर्डही आले, ते बघून मात्र दचकले. पण ब्राउझरबाहेरच्या एखाद्या लिंकवर टिचकी मारली की जुनाच ब्राउझर उघडायचा. तो काढलेला नव्हता, आणि नव्याला मुख्य करायचं ते सेटिंगमध्ये वेगळं असतं, हे कोणी आधी सांगायला नको?

वेग वाढला का? बाजारभाव आता लवकर उघडतात. पण भाच्यानं लगेच हवा काढली: जास्त फरक फायरफॉक्ससोबत बसवलेल्या, जाहिराती अडवणाऱ्या जोडणीचा (ॲड-ऑनचा) आहे, इंजीनचा कमी. पानावरचे हलते फोटो आणि आपोआप सुरू होणारे व्हिडिओ उतरवावेच लागले नाहीत, तर पान हलकं होणारच. शिवाय उघडा प्रत्येक टॅब रॅम खातो, आणि आमच्याकडं रॅम दोनच जीबी. कॅशे सारखं पुसत बसणं हाही उपाय नव्हे. पुसलं की तीच चित्रं पुन्हा उतरवावी लागतात, म्हणजे पहिल्या वेळी उलट उशीर. उन्हाळ्यात तर प्रोसेसर तापला की स्वतःच गती कमी करतो. त्याला कोणता ब्राउझर काय करणार?

आता तो म्हणतो, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसव. आधी यानं दिवाळीला येऊन ती एसएसडी हातात दाखवावी, मग बघू.