धुतलेले पाय

स्वतःचे हात धुणे सोपे. दुसऱ्याकडून पाय धुवून घेणे अवघड. शुभवर्तमानात एका रात्रीत आणि तिच्या पाठोपाठच्या सकाळी ही दोन्ही धुणी येतात.

सकाळी पंतय पिलात जमावासमोर पाणी मागवतो, हात धुतो आणि या माणसाच्या रक्ताशी आपला संबंध नाही, असे जाहीर करून मोकळा होतो. हात स्वच्छ झाले असतील. पण येशूने कोणाच्या अमदानीत दुःख भोगले, हे ख्रिस्ती मंडळी विश्वासांगीकार म्हणताना आजही नाव घेऊन सांगतात.

आदल्या रात्रीचे पाणी योहानाने सावकाश वाहू दिले आहे. येशू जेवणावरून उठतो, अंगावरची वस्त्रे बाजूला ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो. शिष्यांचे पाय यरुशलेमेच्या वाटा तुडवून आलेले. ते धुणे म्हणजे गड्याचे काम. पेत्र पाय आखडून घेतो. थोरांच्या पाया पडत वाढलेल्या आपल्याला त्याचा संकोच लगेच कळतो. शिवाय धुवून घ्यायचे तर मळ दाखवावा लागतो. पण धुतले नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही, असे ऐकताच तो हात आणि डोकेही पुढे करतो! आंघोळ झालेल्याला पाय धुतले की पुरे, असे त्याला उत्तर मिळते. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. चालणाऱ्या पायांना धूळ मात्र रोजची. पापनिवेदनाला पुन्हा पुन्हा गुडघे टेकायचे ते त्यासाठीच.

पवित्र गुरुवारी धर्मगुरू आजही बारा जणांचे पाय धुतात. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी हा विधी रोममधल्या अल्पवयीनांच्या तुरुंगात केला. पाय पुढे करणाऱ्यांत मुली होत्या, मुस्लिमही होते. चांगल्या वर्तणुकीचा दाखला आधी कोणी मागितला नाही.

मूळच्या बारांत तर यहूदाही होता. तो आपल्याला पैशासाठी शत्रूंच्या हाती देणार, हे धुणाऱ्याला ठाऊक होते. त्याच ओल्या पायांनी यहूदा अंधारात निघून गेला. तसल्याच पायांनी पेत्र महायाजकाच्या अंगणात शिरला, कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा राहिला आणि कोंबडा आरवण्याआधी तीनदा येशूची ओळख नाकारून बसला. पस्तावा दोघांनाही झाला. यहूदाने त्यासाठी मिळालेली तीस नाणी परत नेऊन टाकली आणि गळफास घेतला. पिलाताने स्वतःला निर्दोष सोडले, यहूदाने स्वतःला देहान्त दिला. निकाल दोघांनीही आपल्याच हाती ठेवला.

पेत्र रडला, पण निकाल त्याने दिला नाही. पुढे, पुनरुत्थानानंतर, तिबिर्याच्या किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचा विस्तव होता, त्यावर मासळी, जवळ भाकर. न्याहारी उरकल्यावर येशूने त्याला तीनदा विचारले, माझ्यावर प्रीती करतोस ना? आणि तीनदा मेंढरे त्याच्या हवाली केली. त्या अंगणाचा विषय त्याने काढलाच नाही.