नवस आईचा, पायऱ्या माझ्या

बाबांच्या बायपासच्या दिवशी मी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या खुर्चीत बसून मोबाईलवर सिनेमा बघत होतो. आई शेजारी जप करत होती. मध्येच तिने माझ्या स्क्रीनकडे पाहिलं. वाळवंटात एका उंच खांबावर एक दाढीवाला साधू हात पसरून उभा होता.

"कुठले महाराज रे हे?"

"सीरियाचे," मी म्हटलं.

तिने मोबाईललाच नमस्कार केला आणि पुन्हा डोळे मिटले.

सिनेमा होता लुइस बुन्युएलचा 'सायमन ऑफ द डेझर्ट'. १९६५ सालचा, मेक्सिकोत बनलेला, फक्त ४५ मिनिटांचा. निर्मात्याकडचे पैसे संपले म्हणून तो एवढ्यातच आटोपला. पाचव्या शतकात सीरियात सिमियन नावाचा एक संत खरोखरच साडेतीन दशकांहून जास्त काळ एका खांबावर राहिला होता, त्याच्यावरून सुचलेली ही गोष्ट. बुन्युएल सर्रिअलिस्ट, म्हणजे स्वप्नात जसं काहीही घडतं आणि आपल्याला त्याचं नवल वाटत नाही, तसा सिनेमा करणारा. इथे सैतान शाळकरी मुलीचा युनिफॉर्म घालून येतो, वाळवंटातून एक शवपेटी आपोआप सरकत येते आणि शेवटी आकाशातून चक्क विमान जातं. कोणी काही समजावून सांगत नाही.

त्यातला एक प्रसंग त्या दिवशी डोक्यात अडकला. चोरी केली म्हणून हात तोडलेला एक माणूस बायको-मुलांसह सायमनकडे येतो. सायमन प्रार्थना करतो आणि त्या माणसाला खरोखर हात फुटतात. कॅमेरा कुठलीही चलाखी करत नाही, चमत्कार होतो म्हणजे होतोच. जमलेले लोक मात्र बाजार उठल्यासारखे पांगतात. त्याची लहान मुलगी विचारते, हे हात पहिलेच का? आणि बाप त्या नव्याकोऱ्या हाताने तिलाच फटका देतो.

मी हसलो. आईने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, पण काही बोलली नाही.

बाबा वाचले. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी चहात साखर का नाही म्हणून त्यांनी आईला झापलं. मला तो फटका आठवला.

आठवड्याने आईने हळूच विषय काढला. ऑपरेशनच्या वेळी तिने सप्तशृंगीला नवस बोलला होता, की हे सुखरूप घरी आले, तर माझा मुलगा अनवाणी गड चढून येईल.

"नवस तू बोललीस, मग पाय माझे का?"

"माझ्या गुडघ्यांच्या भरवशावर देवी कशी राहील?"

यावर हसून विषय संपवता आला असता. पण मी इंजिनिअर. आम्हाला रूट कॉज लागतं. मी तिला धमन्या समजावल्या, सर्जनचा अनुभव सांगितला, इन्शुरन्सची फाइल दाखवली. सगळं देवीनेच केलं, तर इतकं बिल कशाला भरलं, असंही विचारलं. आई म्हणाली, "बरं, नको जाऊस." त्यानंतर दोन महिने तिने नवसाचा न सुद्धा काढला नाही. मला वाटलं, मी जिंकलो.

दरम्यान मी बुन्युएलच्या मागे लागलो होतो. आपल्या बाजूचा माणूस सापडल्याचा आनंद होता. 'विरिदियाना'त साध्वी होऊ पाहणारी एक मुलगी भिकाऱ्यांना घरी आणून सांभाळते आणि एका रात्री तेच भिकारी तिचं घर उधळून टाकतात. १९६१ मध्ये या सिनेमाला कानचं सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळालं. व्हॅटिकनच्या वर्तमानपत्राने त्याच्यावर आग पाखडली आणि स्पेनमध्ये तो १९७७ पर्यंत दाखवता आला नाही. मला हेच हवं होतं.

पण पुढे वाचताना घोटाळा झाला. बुन्युएलचं गाव स्पेनमधलं कालांदा. तिथे गुड फ्रायडेच्या दुपारी बारा वाजता सगळं गाव एकदम ढोल बडवायला लागतं, ते दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत. वाजवणाऱ्यांचे हात रक्ताळतात. जेझुइटांच्या शाळेत शिकलेला आणि तरुणपणीच श्रद्धा गमावून बसलेला हा माणूस ते ढोल मात्र विसरला नाही. 'नाझारिन' या १९५९ च्या सिनेमात ख्रिस्तासारखं जगायला निघालेला एक पाद्री आहे. त्याच्या चांगुलपणातून जवळपास प्रत्येक वेळी काहीतरी वाईटच निघतं. शेवटी शिपाई त्याला रस्त्याने घेऊन जात असताना एक बाई त्याला अननस देऊ करते. तो आधी नाही म्हणतो, मग परत फिरून घेतो आणि चालू लागतो. मागे कालांदाचे ढोल वाजत असतात. त्याची श्रद्धा गेली की आत्ता कुठे सुरू झाली, हे बुन्युएल सांगत नाही.

मी पुन्हा 'सायमन' लावला. या वेळी फटक्याऐवजी सुरुवातच टोचली. एक श्रीमंत भक्त सायमनला आधीच्यापेक्षा उंच, नवा खांब भेट देतो. जुन्यावरून उतरून नव्यावर चढायला जाताना त्याची म्हातारी आई भेटते. तो तिला थोडक्यात निरोप देऊन वर चढतो. ती तिथेच खाली, खांबाजवळ राहते. सायमन भला माणूस आहे, फक्त फार उंचावर आहे. इतक्या उंचावर, की मधेच आपल्या प्रार्थनेचा शेवट विसरतो आणि तो सांगायला जवळ कोणी नसतं.

बुन्युएल माझ्या बाजूचा आहे, असं मी धरून चाललो होतो. पण त्याला खांबावर उभे राहणारे सगळेच दिसत होते. माझ्या खांबावर फक्त देव नव्हता, एवढंच.

नवरात्र टाळून, साध्या मंगळवारी आम्ही वणीला गेलो. आता गडावर ट्रॉली आहे. आईबाबांना तिकडे पाठवून मी चपला गाडीत ठेवल्या आणि पायऱ्यांना लागलो. ऊन होतं, दगड पोळत होता. निम्म्यात एका दुकानातल्या मावशींनी "बस रे घटकाभर" म्हणून स्टूल पुढे केलं. मी आधी नको म्हटलं. मग बसलो.

वर पोचल्यावर कड्यातली ती अठरा हातांची मूर्ती समोर आली. मी हात जोडले. लहानपणी पाठ असलेली आरती मनात सुरू केली आणि दुसऱ्या कडव्यात अडकलो. काही सुचेना. ना श्रद्धा जागी झाली, ना माझे मुद्दे आठवले. मागून कोणीतरी म्हणालं, "चला, पुढे चला." मी पुढे सरकलो.

बाहेर आई उभी होती. तिने आधी माझे तळवे बघितले, मग पदराने धूळ पुसली.

"काय मागितलंस?"

"काहीच नाही. आरतीसुद्धा अर्ध्यातच विसरलो."

"असू दे," ती म्हणाली. "मागायचं माझं झालंय. तू नुसतं यायचं होतंस."

बाबा तोवर प्रसादाच्या दुकानात पेढ्यांच्या भावावरून वाद घालत होते. आवाज चांगला खणखणीत होता. आम्ही दोघं तो ऐकत थोडा वेळ तिथेच उभे राहिलो.