टपावरच्या दोन सायकली

आमच्या घरात मे महिन्याची सुट्टी म्हणजे दाभोळ. आम्ही राहतो कराडात, आणि मुलांचं आजोळ दाभोळच्या खाडीपलीकडे. दरवर्षी पहिले चार दिवस आंबे-फणसात जातात, पाचव्या दिवसापासून मुलं मोबाईलसाठी भांडू लागतात. या वर्षी धाकट्याने आधीच जाहीर केलं, “अब्बा, सायकली घेऊन जाऊ.” सायकली म्हणजे त्याची एक आणि थोरलीची एक. मी “बघू” म्हणालो. शिक्षकाच्या “बघू”चा अर्थ घरच्यांना माहीत असतो. पण थोरलीने दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन गाडीचा टप मोजला आणि कागद माझ्यापुढे ठेवला.

सायकल गाडीवरून नेणं हे आमच्या पिढीला नवीन नाही. मी अकरावीला परगावी गेलो तेव्हा माझ्या वालिदांनी माझी सायकल एसटीच्या टपावर टाकली होती. मागच्या शिडीवरून हमालाने ती वर चढवली, सुतळीचे चार फेरे दिले, आणि मी सगळा रस्ता खिडकीतून मान बाहेर काढून वर बघत होतो. माझ्या आपाला मात्र सायकल मिळाली नव्हती. ती तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या सायकलवर, मैत्रिणीच्या घरामागच्या बोळात शिकली, आणि ते घरी कळलं तेव्हा तिचं लग्न ठरलं होतं. हे इथे सांगायचं कारण पुढे येईल.

तर कॅरिअर. माझा समज असा होता की बाजारात जायचं, कॅरिअर आणायचा, टपावर ठेवायचा. जुन्या अॅम्बॅसिडर-फियाटच्या काळात ते खरंही होतं. त्या गाड्यांच्या टपाच्या दोन्ही कडांना पावसाच्या पाण्यासाठी पन्हळ असायची आणि कोणताही कॅरिअर त्या पन्हळीत अडकायचा. आताच्या गाड्यांचा टप गुळगुळीत. काहींना कडेला लांब दांड्या असतात, त्याही दोन प्रकारच्या. काही खरोखर वजन पेलणाऱ्या, आणि काही नुसत्या शोभेच्या. आमच्या गाडीला दांड्या होत्या आणि मी त्यांच्या भरवशावर होतो. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक कधी उघडलं नव्हतं. ते उघडलं तर स्वच्छ लिहिलेलं, या दांड्यांना काहीही बांधू नये. टपावर एकूण ५० किलोपर्यंत वजन चालेल, पण त्यासाठी दाराच्या चौकटीत पकडणाऱ्या पायांचे आडवे बार लागतील. आपलं पुस्तक काय सांगतं ते आधी वाचा, कारण प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असतो, आणि त्या आकड्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं.

मग वजनं केली. सायकली ढकलत कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे नेल्या. त्याला वाटलं विकायला आणल्या. धाकट्याची १४ किलो, थोरलीची १७. दोन आडवे बार ५ किलो, सायकल धरणारा एक स्टँड ४ किलो. बेरीज ४०. धाकट्याने हे गणित वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. ते आम्हाला परतताना उपयोगी पडलं.

डिकीला पट्ट्यांनी अडकवायचा कॅरिअर स्वस्त मिळतो आणि सायकल डोक्यावर उचलावी लागत नाही. पण त्यात सायकली नंबरप्लेटवर आणि मागच्या दिव्यांवर येतात. नंबर झाकणं कायद्यात बसत नाही, आणि घाटात मागच्याला आपला ब्रेकचा दिवा दिसला नाही तर काय होईल ते सांगायला नको. तो विचार तिथेच सोडला.

दुकानात खरी अडचण आली. टपावरचे स्टँड बहुधा सायकलच्या तिरक्या दांड्याला चिमट्यासारखे पकडतात. खाली चाकांसाठी लांब पन्हळ, चाकांना पट्टे, आणि मधून वर आलेला हात दांड्याला घट्ट. धाकट्याच्या सायकलला तो हात झटक्यात बसला. थोरलीची लेडीज सायकल. तिला वरचा दांडा नाही, खाली दोन वाकडे पाइप एकमेकांना चिकटून जातात, त्यांच्यात चिमटा शिरेना. दुसरा प्रकार पुढचं चाक काढून चिमटा पकडायचा असतो, पण त्याला झटकन निघणारा अॅक्सल लागतो. आपल्याकडच्या साध्या सायकलला नट असतात. तिसरा प्रकार फक्त चाकाला धरतो, सायकलची बनावट कशीही असो. तो उत्तम, पण त्याची किंमत ऐकून मी विषय बदलला.

दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला, “सर, एकच स्टँड घ्या. मुलाची न्या. मुलीला तिथे सायकल कशाला लागते?”

थोरली काही बोलली नाही. ती नववीत आहे, बोलायला कमी नाही, पण तेव्हा ती दुकानातल्या हेल्मेटांकडे बघत राहिली. ही सायकल तिने दोन वर्षांच्या ईदीतून आणि स्कॉलरशिपच्या पैशांतून घेतली होती. धाकट्याची मी घेऊन दिलेली. मला आपाचा बोळ आठवला. मी दुकानदाराला म्हणालो, दोन्ही जातील, नाहीतर एकही नाही. हे म्हणताना माझ्याकडे उपाय काहीच नव्हता.

उपाय शेवटी सोपा निघाला. सायकल उलटी ठेवायची. हँडल पुढच्या बारवर, सीट मागच्या बारवर, चाकं आकाशाकडे. बारांमधलं अंतर थोडं सरकवलं आणि दोन्ही बरोबर बसलं. खाली जुन्या गोधडीचे तुकडे. घंटी काढली, नाहीतर ती टपावर आपटली असती. पुढची बास्केट काढली. हँडल दोन्ही बाजूंना बारला बांधलं, सीट बांधली, आणि पुढचं चाक वाऱ्याने फिरू नये म्हणून तेही फ्रेमला बांधलं. दोरी वापरली नाही. नायलॉनची दोरी ताणली की सैल पडते, त्यापेक्षा बकलवाले रुंद पट्टे बरे. मुलांच्या अम्मीने खालून बघून विचारलं, “हिला शीर्षासन कुणी शिकवलं?”

एक आणखी सूचना. सायकली चढल्यावर गाडीची उंची मोजा. आमची २.६५ मीटर भरली. ती मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून स्टिअरिंगच्या बाजूला चिकटवली, खाली उर्दूत “ऊपर सायकिलें हैं” असंही लिहिलं.

फजरनंतर निघालो. कराड ते चिपळूण सुमारे १०० किलोमीटर. पाटण मागे पडेपर्यंत सगळं ठीक होतं. मी साठच्या वर गेलो नाही. टपावर एवढं आडवं सामान असलं की वळणावर गाडीचा तोल बदललेला कळतो, बाजूच्या वाऱ्यातही. मग डोक्यावर घूं-घूं असा आवाज सुरू झाला. वेग वाढवला की वाढायचा, कमी केला की थांबायचा. टपावरची वस्तू आपल्याला दिसत नाही, हीच तिची अडचण. एसटीच्या खिडकीतला मुलगा निदान मान बाहेर काढू शकत होता.

हेळवाकला कोयनेच्या वळणावर चहाला थांबलो. शेजारी ट्रक उभा होता. त्याचा ड्रायव्हर आमच्या गाडीभोवती एक चक्कर मारून आला, एका पट्ट्याला बोटाने टिचकी मारली आणि म्हणाला, “मास्तर, पट्टा सपाट बांधलाय तुम्ही. वाऱ्यात तो असा वाजणारच. एक पीळ द्या मधे.” मी शिक्षक आहे हे त्याला कसं कळलं ते मला अजून कळलेलं नाही. आम्ही पट्टे सोडले, प्रत्येकाला एक पीळ दिला आणि परत आवळले. आवळताना लक्षात आलं की सीटवरचा पट्टा बोटभर सैल झाला होता. घरून बांधून निघाल्यावर पहिल्या २०-२५ किलोमीटरवर थांबून सगळं पुन्हा आवळायला हवं होतं, ते मी साठ किलोमीटरवर, तेही दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलं. पुढे कुंभार्ली घाट होता. तो पट्टा घाटातल्या वळणांवर काय करता याचा विचार करत मी चहा प्यायलो, तो गोड लागला नाही.

पीळ दिल्यावर आवाज बंद झाला. घाट उतरताना थोरली मागच्या सीटवरून प्रत्येक वळणाला टपाखालचा आवाज ऐकत होती, एखादा डॉक्टर छाती तपासतो तशी.

हा रस्ता जुना आहे. आज तो गुहागरहून चिपळूण, कराडमार्गे विजापूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग म्हणून ओळखला जातो, पण दाभोळ बंदर आणि घाटमाथा यांच्यात कुंभार्लीतून माल ये-जा करायचा तेव्हा तो बैलांच्या पाठीवरून जायचा. दाभोळ हे बहामनी आणि मग आदिलशाहीचं मोठं बंदर. अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी १५ व्या शतकात होर्मुझहून एक घोडा जहाजावर घालून चौलला उतरला आणि परत जाताना दाभोळहून जहाजावर चढला. जुन्नरला तिथल्या सुभेदाराने तो घोडा काढून घेतला आणि परत मिळवताना त्याच्या तोंडाला फेस आला. मुलांना हे सांगितलं तर धाकटा म्हणाला, “घोड्याला पट्टे कसे बांधले असतील?” याचं उत्तर माझ्याकडे नाही.

चिपळूणहून शृंगारतळीला आलो, तिथून धोपाव्याकडे वळलो. वाटेत तो वीजप्रकल्प दिसतो, जो सगळ्या देशाला ‘दाभोळचा’ म्हणून माहीत झाला, आणि आहे मात्र खाडीच्या अलीकडे. सासुरवाडीची मंडळी याचा राग अजून काढतात. धोपावे ते दाभोळ फेरीबोट आहे, गाड्या घेऊन जाते. वर छत नाही, त्यामुळे उंचीची काळजी नव्हती. पण उतरत्या जेट्टीवरून बोटीच्या फळीवर चढताना गाडीचं नाक आधी खाली आणि मग एकदम वर जातं, तेव्हा टपावर काहीतरी करकरलं आणि आम्ही चौघांनी एकाच वेळी बिस्मिल्लाह म्हटलं. काही झालं नव्हतं. बोटीवरच्या बायका उलट्या सायकलकडे बघून हसत होत्या, आणि थोरली गाडीतून उतरून सायकलपाशी उभी राहिली, माझीच आहे म्हणून सांगायला.

वाशिष्ठीच्या पाण्यावरून दाभोळच्या मशिदीचा घुमट दिसू लागला. काळ्या दगडाची, चार मिनारांची ही मशीद लोक शाही मशीद म्हणतात, अंडा मशीदही म्हणतात. विजापूरची एक शहजादी हजला जायला लवाजमा आणि धन घेऊन याच रस्त्याने दाभोळला आली, समुद्रात चाच्यांचं भय असल्याने जहाज सुटेना, तेव्हा तिने बरोबरचं धन या मशिदीला लावलं, अशी परंपरेने सांगितलेली कथा आहे. आम्ही जोहर तिथेच अदा केली. गाडी बाहेर होती, सायकलींना कुलूपही होतं, तरी सलाम फेरताना माझं लक्ष कुठे गेलं ते अल्लाह जाणे.

आणि मग जी चूक व्हायची ती झाली. एवढा घाट, एवढी खाडी पार करून मी सासऱ्यांच्या अंगणात शिरलो. कागद समोर चिकटलेला होता. पण नानी दारात उभ्या, मामा हात हलवतायत, कुत्रं भुंकतंय, आणि अंगणात पोफळीच्या खांबांवर झावळ्यांचा मांडव. तो मांडव मला दिसत होता. टपावर सायकली आहेत हे मी विसरलो होतो.

“अब्बा, वर!”

थोरलीच्या ओरडण्याने पाय ब्रेकवर गेला. उतरून बघितलं तर तिच्या सायकलच्या चाकात आणि मांडवाच्या वाशात वीतभर अंतर होतं. मामांनी मला पाणी दिलं.

पुढचे दहा दिवस मुलांनी काय केलं ते सगळं मला माहीत नाही, कारण ती घरात नव्हती. दाभोळचे चढ सायकलसाठी निष्ठुर आहेत, अर्धा वेळ ढकलावी लागते. म्हणून दोनदा आम्ही सायकली पुन्हा टपावर घालून कर्दे-मुरुडच्या किनाऱ्यावर गेलो. ओहोटीला तिथली ओली वाळू घट्ट असते, चाक रुतत नाही. सकाळी ऊन चढायच्या आत थोरली पुढे आणि तिच्या दोन मामेबहिणी आळीपाळीने मागे. तिसऱ्या फेरीला मामेबहीण चालवत होती आणि थोरली सीट धरून पळत होती. मी आपाला व्हिडिओ पाठवला. तिने उत्तरात काही लिहिलं नाही, दुपारी फोन केला आणि सायकल कुठल्या कंपनीची, केवढ्याला पडली, एवढंच विचारलं. (किनाऱ्यावरून आल्यावर सायकली गोड्या पाण्याने धुवा आणि साखळीला तेल द्या. आम्ही पहिल्या दिवशी आळस केला, दुसऱ्या दिवशी साखळीवर तांबूस गंज.)

निघायच्या दिवशी नानींनी हापूसची पेटी बाहेर आणली. गाडीत जागा नव्हती, म्हणून त्या म्हणाल्या, वर दोन सायकलींच्या मधे बांधा. धाकट्याने वही काढली. “नानी, ४० किलो झालेत. फक्त १० राहिलेत.” पेटी उचलून बघितली, वीसच्या खाली नव्हती. नानींनी वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मास्तरांचं घर म्हणजे असंच, असं काहीसं त्या पुटपुटल्या.

शेवटी पेटी मागच्या सीटखाली थोरलीच्या पायांच्या जागी गेली. कराडपर्यंत ती मांडी घालून बसली, आणि धाकट्याने दोनदा जागा बदलायला विचारलं तरी हलली नाही.