धारगळच्या दमट हवेत हेराल्ड

स्टँडर्ड हेराल्ड ही मद्रासजवळच्या वंडलूर येथे स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने 1961 ते 1971 या काळात बनवलेली छोटी मोटार. इंग्लंडमधील कोव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने एप्रिल 1959मध्ये बाजारात आणलेल्या ट्रायम्फ हेराल्डची ही भारतीय आवृत्ती. तिचा आकार इटलीतील ट्युरिनच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखाटला. कागदोपत्री ही घरगुती गाडी. पण तिचे कूळ स्पोर्ट्स गाडीचे. हिचीच चेसिस आखूड करून ट्रायम्फने 1962मध्ये स्पिटफायर ही दोन आसनांची उघडी गाडी काढली. इंजिन, स्टिअरिंग, पुढचे सस्पेन्शन आणि मागचे आडवे पाटे दोन्ही गाड्यांत एकाच घराण्यातले आहेत. मुक्तीपूर्वी गोव्यात परदेशी गाड्या सहज उतरत. डिसेंबर 1961नंतर येथेही उर्वरित भारताप्रमाणे देशी गाड्यांचे दिवस आले आणि स्पोर्ट्स गाडीची हौस असलेल्यांना त्यातल्या त्यात जवळची होती ती दोन दारांची हेराल्ड. 1968मध्ये आलेली चार दारांची मार्क थ्री ही खास भारतासाठीची रचना होती. तिच्यात सोय वाढली, तो डौल मात्र राहिला नाही.

घरी दुरुस्त करण्यासाठी ही गाडी विशेष योग्य आहे, आणि त्यामागे एक व्यापारी अडचण आहे. बॉडी पुरवणारा फिशर अँड लडलो हा कारखाना ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने 1953मध्ये विकत घेतला. त्यामुळे स्टँडर्ड-ट्रायम्फला संपूर्ण बॉडी एकसंध दाबून देणारा मोठा पुरवठादार उरला नाही. बाकी जग सलग बॉडीकडे वळत असताना या कंपनीने वेगळी चेसिस ठेवली आणि बॉडीचे तुकडे बोल्टांनी जोडले. पुढचे मडगार्ड घेऊन पुढच्या बाजूला उलटणारे बॉनेट, पुढचा टब, मागचा टब, छप्पर आणि खालच्या कडेच्या पट्ट्या हे सारे सुटे होते. साठाहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या नाइलाजामुळे आज गोव्याच्या पेडणे तालुक्यातील धारगळसारख्या गावात, लिफ्ट किंवा क्रेन नसताना, चार माणसांच्या बळावर ही गाडी पूर्ण उलगडता येते.

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर धरतो आणि गंजण्याचा वेग वाढतो. हवेत मीठ असेल तर त्याहून कमी आर्द्रताही पुरते. पेडणे तालुक्यात वर्षाला सुमारे तीन मीटर पाऊस पडतो, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हवा सतत ओलसर असते, शिवाय समुद्र आणि शापोऱ्याची खाडी दोन्ही जवळ. त्यातच लोखंडापेक्षा गंज कितीतरी अधिक जागा व्यापतो. दोन पत्रे एकावर एक जोडलेले असतील तर मधला गंज त्यांना फाकवतो, सांधा उघडतो, त्यात आणखी पाणी शिरते. म्हणून अशा गाडीत पत्र्याच्या सपाट भागापेक्षा सांधे आणि पोकळ पेट्या आधी जातात. रंग सुस्थितीत दिसणारी गाडी आतून संपलेली असण्याचे कारण हेच.

या लेखाला आधार असलेली हेराल्ड प्रस्तुत लेखकाच्या धारगळच्या घरामागील मांगरात बराच काळ उभी होती. कौले शाबूत होती, त्यामुळे छप्पर आणि बॉनेट बरे राहिले. जमीन मातीची होती, त्यामुळे खालचा भाग राहिला नाही. कोकणातल्या उभ्या गाडीचे हे नेहमीचे चित्र आहे : पावसाचे पाणी वरून येते, पण गाडीला खाते ती जमिनीतून चढणारी वाफ. मांगर कितीही पक्का असला तरी जमीन सिमेंटची नसेल तर गाडीखाली निदान जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरायला हवा.

तपासणीची साधने तीन : कापडात गुंडाळलेले लोहचुंबक, जाड पेचकस आणि विजेरी. जेथे चुंबक चिकटत नाही तेथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे असे समजावे. या गाडीच्या डाव्या दाराखाली पूर्वीच्या कोणा कारागिराने बोटभर जाडीची पुट्टी भरून वर रंग दिला होता. चेसिसच्या मुख्य कण्यापासून दोन्ही बाजूंना निघणारे आडवे हात, ज्यांना आउटरिगर म्हणतात, त्यांवर पेचकस टेकवला तेव्हा मागच्या उजव्या हातात तो मुठीपर्यंत आत गेला. भोक वाढवल्यावर आतून तांबडी माती, मुंग्यांचे वारूळ आणि भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटे झालेले लोखंड बाहेर आले. माती जांभ्याची होती, चाकांनी वर्षानुवर्षे उडवलेली. पेटीला पाणी जाण्यासाठी ठेवलेले छिद्र याच मातीने बुजले होते. पेटी कुजली ती तेथून. बॅटरी ठेवण्याची जागा, डिकीचा तळ आणि चाकांवरच्या कमानींचे सांधे ही या गाडीतील इतर ठरलेली दुखणी.

उलगडण्याचे काम पावसाळ्यात करावे आणि वेल्डिंग-रंगाचे कोरड्या दिवसांत. गणेश चवथीपर्यंत गाडी सुटी झाली तर दिवाळीनंतरचा सगळा काळ पत्र्याला मिळतो. नट-बोल्ट इंची मापाचे असल्याने 7/16, 1/2 आणि 9/16चे पाने लागतात. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो आणि कडा गोल करून टाकतो. अडकलेल्या बोल्टावर गॅसच्या ज्योतीची ऊब हा सर्वांत खात्रीचा उपाय, मात्र पेट्रोलची टाकी आणि नळ्या आधीच काढून दूर ठेवलेल्या हव्यात. गाडी उचलून ठेवण्यासाठी लोखंडी घोड्या घ्याव्यात. गावात जांभ्याचे चिरे फुकट मिळतात म्हणून चिऱ्यांवर गाडी ठेवण्याचा मोह होतो, पण जांभा दाबाखाली पूर्वसूचना न देता फुटतो. त्याच्याखाली माणूस झोपणार असेल तर ही काटकसर करू नये.

चेसिसच्या दुरुस्तीत क्रम सर्वांत महत्त्वाचा. कुजलेले सगळे हात एकदम कापले तर बॉडी आपल्याच वजनाने वाकते आणि दारे पुन्हा कधीच नीट बसत नाहीत. एक हात कापावा, नवा जोडावा, मग दुसऱ्याला हात लावावा. म्हापशाहून येणाऱ्या वेल्डर मिस्त्रींचा आग्रह असा की पक्के वेल्डिंग करण्याआधी दर वेळी दार बसवून, उघडून, बंद करून पाहायचे. दार आणि मागच्या टबामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी असेल तरच पुढचा टाका. त्यांच्या या आग्रहामुळे काम लांबले, पण आज त्या गाडीचे दार एका बोटाने लागते ते त्यामुळेच. स्पिटफायर घरी दुरुस्त करणाऱ्याने येथे अधिक जपावे. तिच्या चेसिसला कडेचे दांडे नाहीत आणि दाराखालच्या पट्ट्याच भार घेतात. हेराल्डमध्ये त्या पट्ट्या केवळ आच्छादन आहेत.

बॉडीसाठी 20 गेजचा साधा पत्रा पुरतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा टिकाऊ म्हणून सुचवला जातो, पण वेल्डिंगच्या जागी मुलामा घासून काढला नाही तर जस्ताचा धूर छातीत जातो आणि रात्री ताप भरतो. सपाट पत्र्याला सलग टाका मारू नये; एक टाका या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मध्ये थंड होऊ द्यावा, नाहीतर पत्रा उष्णतेने ताणला जाऊन पोट काढतो. ते पोट हातोडी आणि डॉलीने, म्हणजे मागून टेकवायच्या लोखंडी ठोकळ्याने, बसवणे ही स्वतंत्र विद्या आहे आणि ती पुस्तकातून येत नाही.

सुट्या भागांचा गंज काढण्याच्या कामी घरातले साहित्य येते. बिजागऱ्या, क्लिपा, स्क्रू असे बारीक भाग माडाच्या सुरेच्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले तर त्यातील ॲसिटिक आम्ल गंज विरघळवते. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच वाळवून तेल लावावे लागते. तासभर तसेच ठेवले तर जूनच्या हवेत ते पुन्हा तांबूस होतात. ब्रॅकेट, चाके यांसारख्या मोठ्या भागांसाठी विजेची पद्धत उत्तम. प्लॅस्टिकच्या टाकीत पाणी आणि धुण्याचा सोडा घालावा, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि टाकाऊ लोखंडी पट्टी धन टोकाला जोडावी. चांगले लोखंड अजिबात झिजत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. पट्टी स्टेनलेस स्टीलची मात्र घेऊ नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. सोड्याऐवजी मीठही घालू नये, त्यातून क्लोरीन निघतो. टाकीतून हायड्रोजन सुटतो, म्हणून ती उघड्यावर ठेवावी. जेथे ब्रश पोचत नाही तेथे टॅनिनयुक्त द्रावण उपयोगी पडते. गंजाशी त्याचा संयोग होऊन काळा, स्थिर थर बसतो. हिरड्यापासून आणि लोखंडापासून पूर्वी शाई करत, तीच ही रासायनिक क्रिया.

इंजिन हा तुलनेने सोपा भाग. 948 घन सेंटीमीटरचे, चार सिलिंडरचे, 63 मिलिमीटर व्यासाचे आणि 76 मिलिमीटर स्ट्रोकचे हे ओतीव लोखंडी इंजिन कोणत्याही लेथवाल्याला समजते. बोअर करणे, क्रँक घासणे ही कामे बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापुरात उत्तम होतात. या इंजिनाची एकच खोड ध्यानात ठेवावी : क्रँकची पुढे-मागे हालचाल रोखणारे अर्धगोल वॉशर झिजून खाली गळून पडतात आणि मग ब्लॉकच खराब होतो. क्लच दाबताना पुढची पुली डोळ्यांना दिसेल इतकी सरकत असेल तर इंजिन सुरू न करता आधी वॉशर बदलावेत. पुढच्या चाकांचे खालचे पितळी सांधे, ज्यांना ट्रनियन म्हणतात, त्यांत ग्रीस न भरता 90 नंबरचे गिअर ऑइल भरायचे असते. सर्व्हिसिंगच्या ठिकाणी ग्रीस भरण्याची सवय इतकी रुजलेली आहे की हे दर वेळी सांगावे लागते. ग्रीस घट्ट होते, सांध्यात पाणी शिरते, आतली दांडी गंजते आणि वळताना चाक निखळू शकते.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. त्यांच्या लायनिंगमध्ये घर्षणासाठी काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेली राळ वापरली जाते. पेडणे-डिचोलीच्या डोंगरांवर वाढणाऱ्या काजूचा मोटारीशी असलेला हा संबंध फारसा कोणाला ठाऊक नसतो. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते आणि सिलिंडर आतून गंजवते, त्यामुळे येथे ते ठरावीक काळाने बदलायलाच हवे. पेट्रोलचेही तसेच. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी धरते आणि जुन्या रबराच्या नळ्या व पंपाचा पडदा खराब करते. नळ्या नव्या प्रकारच्या रबराच्या घालाव्यात. वायरिंग उंदरांनी कुरतडलेले असेल तर जोड न देता पूर्ण नवे करावे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक चेसिसला जोडलेले असते, हे बॅटरी लावण्यापूर्वी पाहावे.

रंगाला धारगळमध्ये दोन शत्रू आहेत, ओल आणि धूळ. ओलसर हवेत नायट्रोसेल्युलोजचा रंग मारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दव धरते आणि रंग पांढरट पडतो. महामार्गाचे रुंदीकरण, मोपा विमानतळाकडे जाणारा रस्ता आणि जांभ्याची माती यांमुळे हवेत तांबडी धूळ असते. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत, सकाळचे दव उडाल्यावर आणि समुद्राकडचा वारा सुटण्यापूर्वी, खळ्यात पाणी शिंपडून काम केले जाते. दोन घटकांचा आधुनिक पॉलियुरेथेन रंग अधिक टिकतो, पण त्यातील आयसोसायनेट श्वसनाला घातक असतात आणि साध्या मास्कने अडत नाहीत. तो घरी मारू नये.

रंगाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वेळ पोकळ पेट्यांना द्यावा. आउटरिगरची पाणी जाणारी छिद्रे मोकळी करून किंचित मोठी करावीत, पेट्यांत लांब नळीने पातळ मेणाचे द्रावण फवारावे आणि ते छिद्रांतून ठिबकेपर्यंत थांबावे. छिद्रे बुजवून 'पाणी शिरणारच नाही' अशी व्यवस्था करण्याचा प्रयत्न पुष्कळ जण करतात. कोकणात पाणी शिरतेच. त्याला बाहेर जाण्याची वाट ठेवलेली गाडी टिकते, बंद केलेली आतून कुजते.

पहिल्या नोंदणीला 50 वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी केंद्र सरकारने जुलै 2021मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केला तर हा दर्जा मिळत नाही. यासाठी छप्पर कायमचे कापून हेराल्डची उघडी गाडी करण्याचा विचार सोडून द्यावा. तिचे छप्पर मुळात बोल्टांवर आहे; डिसेंबरात काढून ठेवता येते, मे महिन्यात पुन्हा बसवता येते.

त्यानंतरची देखभाल वार्षिक. मे अखेरीस टाकीतील पेट्रोल काढून घ्यावे, बॅटरी सोडवून घरात आणावी, चाके घोड्यांवर उचलावीत, काचा बोटभर उघड्या ठेवाव्यात. गाडीवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालू नये, सुती कापड घालावे. पावसाने उघडीप दिली की मांगराचे दार उघडून वारा खेळू द्यावा. दसऱ्याला, पूजेपूर्वी, तारेने प्रत्येक छिद्र टोचून पाहावे आणि जेथे माती निघेल तेथे मेण पुन्हा फवारावे.